एकच फ्लॅश आहे. तो नीट वापरायला कसं शिकावं?

पांदणवाट | ७ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. घरची कोरडवाहू शेती आहे, आणि चार वर्षांपासून साक्षगंध, लग्न, बारसं अशी फोटोची कामंही करून राहिलो. कॅमेरा साधा क्रॉप सेन्सरचा, सोबत आलेली लेन्स आणि एक ५० मिमी. फ्लॅश एकच, मॅन्युअल, त्याचा रेडिओ ट्रिगर आहे. दुसरा फ्लॅश घेणं या वर्षी तरी होत नाही, कापसाचे पैसे आधीच ठरलेल्या जागी गेले.

मागच्या आठवड्यात शेजारच्या गावात साक्षगंध होतं. फ्लॅश कॅमेऱ्यावर लावला आणि समोरून मारत गेलो. घरी येऊन पाहतो तर नवरीचा चेहरा पांढराफटक, कपाळ चमकते, मागच्या भिंतीवर तिची काळी सावली चिकटलेली. मागं बसलेले पन्नास लोक अंधारात. अल्बम द्यायला गेलो तेव्हा नवरीची आजी म्हणाली, "माहा चेहरा असा पीठ फासल्यावानी काहून दिसून राह्यला रे बाबू?" तिच्या चेहऱ्यावर सत्तर वर्षांच्या रेघा आहेत आणि माझ्या फोटोत एकही नव्हती. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

दोन-तीन फ्लॅश, मोठे सॉफ्टबॉक्स अशी मांडणी इंटरनेटवर खूप दिसते. ती मला नको आहे. एका फ्लॅशमध्ये, आमच्या घरांत, आमच्या मांडवात काय करता येईल ते सांगा. तुलसीविवाहानंतर लगेच कामं सुरू होतात.

---

जुना_स्टुडिओ | ७ नोव्हेंबर, रात्री १०:५५

भाऊ, पहिलं काम: फ्लॅश कॅमेऱ्यावरून खाली उतरव. ट्रिगर आहे म्हणतोस, म्हणजे अर्धी लढाई झाली.

चेहरा पीठ फासल्यासारखा काहून दिसते ते समजून घे. आपण जिथून पाहतो तिथूनच उजेड मारला तर नाकाची सावली नाकामागंच लपते, रेघांच्या सावल्या रेघांतच राहतात. सावली दिसली नाही की चेहऱ्याचा उंचसखलपणा दिसत नाही. आता सकाळी तुमच्या घरी पाय. आजी दाराशी तांदूळ निवडत बसली असेल, उजेड दारातून एका बाजूनं येतो. एक गाल उजळ, दुसरा सावलीत, डोळ्यांत दाराचा पांढरा ठिपका. तो चेहरा सुंदर दिसते. तुला एका फ्लॅशचं दार बनवायचं आहे. एवढंच.

चेहऱ्याच्या बाजूला साधारण पंचेचाळीस अंशावर, आणि डोक्यापेक्षा हातभर उंच. दार जरा उंचच असते ना माणूस खाली बसला की. तसं.

दुसरं, एक सुतळी घे. चार मीटरची. तिला गाठी मार: १ मीटर, १.४, २, २.८ आणि ४. एक टोक फ्लॅशच्या दांड्याला बांध. पुढचं पुढं सांगतो, आधी एवढं कर.

आमच्या वेळी फ्लॅशच्या पाठीवर तबकडी असायची, अंतर आणि लेन्सचा आकडा जुळवायची. रीळ धुऊन येईपर्यंत काय झालं ते कळत नसे, म्हणून अंतर पाठ करावंच लागे. आता मागं पडदा आहे म्हणून पोरं अंतर मोजतच नाहीत. माझं ठाम मत आहे, फ्लॅश शिकणं म्हणजे नव्वद टक्के अंतर शिकणं.

---

वैनगंगाकाठ | ८ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

स्टुडिओकाकांच्या गाठी बघून आनंद झाला. मी भंडारा जिल्ह्यात विज्ञान शिकवते, म्हणून त्या गाठी तिथेच का, हे सांगते.

उजेड जसजसा पुढे जातो तसतसा पसरतो. अंतर दुप्पट झालं की तोच उजेड चौपट जागेवर पसरतो, म्हणजे प्रत्येक जागेला पाव वाटा येतो. तिप्पट अंतरावर नववा भाग. मग उजेड नेमका निम्मा कधी होतो? अंतर २ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४ पटीने वाढलं की. म्हणून १, १.४, २, २.८, ४. प्रत्येक गाठ मागे गेलात की उजेड निम्मा, म्हणजे एक स्टॉप कमी. आणि लेन्सचं तोंड किती उघडं हे सांगणारे एफ नंबरही हेच आहेत: एफ/१.४, २, २.८, ४. आकडा लहान तेवढं तोंड मोठं. दोन्हीकडे एकच गणित आहे. एक गाठ मागे, तर लेन्स एक आकडा उघडा. झालं.

गाईड नंबर म्हणजेही हेच. अंतर गुणिले एफ नंबर. ३६ गाईड नंबरचा फ्लॅश पूर्ण ताकदीवर, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) १०० ला, ९ मीटरवर एफ/४ देईल आणि साडेचार मीटरवर एफ/८.

पण पांदणवाटभाऊ, तुमच्या साक्षगंधातला खरा घोळ मागच्या अंधारात आहे, तोही याच नियमाने सुटतो. समजा नवरी फ्लॅशपासून १ मीटरवर आणि मागची भिंत फ्लॅशपासून ४ मीटरवर. भिंतीला सोळावा भाग उजेड मिळतो. काळीच दिसणार. आता फ्लॅश तीन मीटर मागे न्या. नवरी ४ मीटरवर, भिंत ७ मीटरवर. भिंतीला नवरीच्या एक तृतीयांश उजेड मिळतो. खोली तीच, फ्लॅश तोच, पण आता भिंत आणि पाहुणे दिसतात. अर्थात ताकद चार स्टॉप वाढवावी लागेल, आणि उजेड कडक होईल.

जवळ फ्लॅश म्हणजे माणूस एकटा. लांब फ्लॅश म्हणजे माणूस आणि त्याची खोली. मी मुलांना हे मेणबत्ती आणि दोन कागद घेऊन दाखवते, सगळ्यात मागच्या बाकालाही समजतं.

---

कॉटनमार्केट | ८ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

सगळं खरं आहे, पण लग्नात सुतळी घेऊन कोण फिरेल? वरातीत नवरदेव घोड्यावर, पोट्टे नाचून राहिलेत, अंतर सेकंदा-सेकंदाला बदलते. टीटीएल फ्लॅश घ्या, लेन्समधून येणारा उजेड कॅमेरा आपोआप मोजतो. मी सहा वर्षं त्याच्यावर काम करतो.

---

जुना_स्टुडिओ | ८ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

वरातीत टीटीएल चालते, नाही म्हणत नाही. पण टीटीएल काय करते? आधी एक बारकी चमक मारते, परत आलेला उजेड मोजते आणि सगळं मध्यम राखाडी करायला पाहते. आपल्याकडचा म्हातारा म्हणजे पांढरी टोपी, पांढरं धोतर आणि उन्हानं रापलेला चेहरा. पांढऱ्यावरून भरपूर उजेड परत येते, कॅमेरा म्हणते पुरे झालं. टोपी राखाडी आणि चेहरा काळा. तोच म्हातारा काळं कांबळं घेऊन बसला तर उलटं. मॅन्युअलला टोपी दिसत नाही. अंतर तेच असेल तर उजेड तोच, समोर कोणी का बसेना.

आणि सुतळी जन्मभर घेऊन फिरायची नाही. महिनाभर. सरकी टोबायला दोरीवर खुणा बांधतात, पण जुना माणूस दोरीशिवाय सरळ रेषेत टोबत जाते ना? तसंच डोळ्यात बसते अंतर.

---

कॉटनमार्केट | ८ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

पांढऱ्या टोपीचं मान्य. मी अशा वेळी फ्लॅश एक स्टॉप वाढवून घेतो. पण नव्या माणसाला ते वाढवायचं कधी हे कळत नाही, हेही खरं.

---

पांदणवाट | १० नोव्हेंबर, रात्री ८:३०

सुतळी बांधली. काल संध्याकाळी लहान भावाला गोठ्यासमोर उभं केलं. फ्लॅश बांबूला बांधला, बांबू ड्रमच्या मातीत रोवला. आयएसओ २००, ताकद १/१६, म्हणजे पूर्ण ताकदीचा सोळावा भाग. दोन मीटरच्या गाठीवर एफ/५.६ ला चेहरा बरोबर आला. मग २.८ च्या गाठीवर एफ/४, तसाच. १.४ च्या गाठीवर एफ/८, तोही तसाच! तिन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले, उजेडात फरक नाही. चार वर्षांत पहिल्यांदा फोटो काढायच्या आधी मला माहीत होतं की काय येणार आहे.

एक अडचण. मागचं आभाळ अजून उजळ होतं, ते गडद करायला शटर १/३२० सेकंद केलं तर फोटोच्या खाली काळा पट्टा आला. कॅमेरा बिघडला का?

---

वैनगंगाकाठ | १० नोव्हेंबर, रात्री ९:०५

कॅमेरा ठणठणीत आहे. शटरला दोन पडदे असतात. पहिला उघडत जातो, दुसरा मागून झाकत येतो. ठरावीक वेगापर्यंत एक क्षण असा येतो की पूर्ण सेन्सर उघडा असतो, फ्लॅश तेव्हा चमकतो. त्याहून जास्त वेगाला पहिला पडदा टोकाला पोहोचायच्या आतच दुसरा निघतो, सेन्सरवरून नुसती फट सरकत जाते. फ्लॅशची चमक साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकी किंवा त्याहूनही थोडी असते, तेवढ्या वेळात जिथे पडदा आहे तिथे काळा पट्टा. या मर्यादेला सिंक स्पीड म्हणतात. बऱ्याच कॅमेऱ्यांना १/२०० किंवा १/२५०. तुम्ही १/२०० वर ठेवा.

यातूनच एक मोठी गोष्ट निघते. फ्लॅशची चमक इतकी छोटी आहे की शटर १/२०० असो की १/३०, फ्लॅशचा उजेड तेवढाच येतो. शटरने बदलतो तो फक्त आधीपासून असलेला उजेड: आभाळ, बल्ब, चूल. एफ नंबर आणि आयएसओ दोघांनाही बदलतात. म्हणजे तुमच्या हातात दोन नळ आहेत. एक शटरचा, मागच्या उजेडासाठी. एक फ्लॅशच्या ताकदीचा, चेहऱ्यासाठी. आधी फ्लॅश बंद ठेवून शटरने मागचं हवं तेवढं गडद करा, मग फ्लॅश चालू करून चेहरा भरा.

---

जुना_स्टुडिओ | १० नोव्हेंबर, रात्री ९:४८

अगदी. बाईंनी सांगितलं ते चुलीवर करून पाय. आई भाकरी थापत असेल तेव्हा फ्लॅश बंद, आयएसओ ८००, एफ/४, शटर १/१५ च्या आसपास. विस्तवाची लाली येईल. मग फ्लॅश अगदी कमी, १/६४ किंवा १/१२८, बाजूनं. १/२०० ठेवलंस तर विस्तव मरते आणि नुसता फ्लॅशचा फोटो होते. चुलीजवळचा फोटो आणि चूल दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटते.

---

संत्रामळा | ११ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

वरुडहून. उशिरा आले, पण भिंतींबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

छतावर फ्लॅश मारून उजेड खाली आणायची युक्ती सगळे सांगतात. ती पांढऱ्या स्लॅबच्या घरात चालते. आमच्याकडे अर्ध्या घरांना टिनपत्रं, उरलेल्यांना कवेलू. कवेलू उजेड गिळतात आणि जो परत येतो तो तांबूस. टिनावरून पट्टेपट्टे येतात. दोन्ही मी करून पाहिलंय, दोन्ही सोडून दिलंय.

पण भिंत बघा. चुन्यानं पोतलेली भिंत ही खेड्यातली सगळ्यात चांगली वस्तू आहे. फ्लॅशचं तोंड माणसाकडे नाही, भिंतीकडे करायचं. पूर्ण भिंतच उजेड देते, सावल्यांच्या कडा मऊ होतात. उजेड मऊ होतो तो त्याच्या आकारामुळे: फ्लॅशचं तोंड बोटभर, भिंत दहा फूट. अंतर मोजताना फ्लॅश ते भिंत आणि भिंत ते माणूस, दोन्ही मिळवायचं, आणि वर भिंत जेवढा उजेड खाते त्यासाठी एखादा स्टॉप धरायचा.

मात्र रंग पाहून. नीळ जास्त घातलेला चुना असेल तर चेहरा निळसर, हिरव्या ऑइलपेंटची भिंत असेल तर माणूस आजारी दिसतो. एका लग्नात मांडवाचं गुलाबी कापड जवळ होतं, सगळ्या बायकांच्या साड्यांचा रंगच बदलला. तो अल्बम मी पुन्हा बसून एकेक फोटो सुधारला.

भिंत नसेल तर आजोबांचं जुनं, धुऊन मऊ झालेलं पांढरं धोतर. दोन बांबूंना ताणून बांधा, मागून फ्लॅश. दुसऱ्या बाजूला टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल, तो सावलीतल्या गालाला थोडा उजेड परत देतो. हा झाला तुमचा दुसरा फ्लॅश, विनाखर्च.

चष्म्यावर चमक आली तर फ्लॅश आणखी वर आणि बाजूला न्या, किंवा चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलायला सांगा. काच खाली झुकते, चमक जमिनीकडे जाते.

---

वैनगंगाकाठ | ११ नोव्हेंबर, सायंकाळी ५:१२

ताईंच्या धोतराला एक पुस्ती जोडते, नाहीतर पांदणवाटभाऊंचा हिशेब चुकेल. सुतळीचा नियम छोट्या, उघड्या फ्लॅशला नीट लागू पडतो. मोठ्या पडद्यातून उजेड येत असेल तर अंतर फ्लॅशपासून नाही, पडद्यापासून धरायचं. आणि पडद्याच्या अगदी जवळ माणूस असेल तर उजेड नियमाइतका झपाट्याने कमी होत नाही. पडद्याच्या रुंदीच्या तीन-चार पट लांब गेलात की गाठी पुन्हा बरोबर बोलू लागतात. जवळ काम करताना एक चाचणी फोटो काढून आकडा वहीत लिहून ठेवा.

---

झाडीपट्टीकर | १२ नोव्हेंबर, रात्री १:२०

ब्रह्मपुरीकडून. आमच्याकडे दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम, वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या गावोगावी रात्रभर प्रयोग करतात. मी बरीच वर्षं तिथले फोटो काढतो.

एक गोष्ट मनापासून सांगतो: प्रयोग चालू असताना फ्लॅश मारू नका. नट अंधाराकडे तोंड करून बोलत असतो, फ्लॅश डोळ्यात गेला की त्याचं वाक्य तुटतं, आणि तीन हजार लोकांचा रसभंग होतो. शिवाय रंगमंचाचे लाल-निळे दिवे ज्याने लावले त्याचं काम तुम्ही पुसून टाकता.

पण रंगपटात फ्लॅशला पर्याय नाही. ताडपत्रीच्या आडोशाला एका बल्बखाली माणूस राजा होत असतो. तिथे मी फ्लॅश ताडपत्रीच्या बांबूला बांधतो, पांढरा रुमाल तोंडावर, ताकद १/३२, शटर १/३०, म्हणजे बल्बचा पिवळेपणा राहतो. बल्ब जुना पिवळा असेल तर तो २७०० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपास आणि फ्लॅश ५५०० च्या आसपास. एकाच चेहऱ्यावर दोन रंग दिसतात, अर्धा पिवळा, अर्धा निळसर. त्यावर फ्लॅशला नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक तुकडा, लावायचा. स्टेशनरीतला जिलेटीन पेपर लावून पाहिला, प्रत्येक गुंडाळीचा रंग वेगळा निघतो आणि पूर्ण ताकदीवर फ्लॅशच्या तोंडाला चिकटतो. जेलचा खरा तुकडा मागवा, एका तुकड्यात वर्षं निघतात. आता बहुतेक घरांत पांढरे एलईडी आले, तिथे ही अडचण फारशी नाही.

दंडारीत नाचणाऱ्यांसाठी मागच्या पडद्याचा सिंक वापरा. शटर १/८ किंवा १/१५, फ्लॅश शेवटी चमकतो. हालचालीची रेघ माणसाच्या मागे राहते आणि माणूस टोकाला स्वच्छ गोठतो. साध्या सिंकवर फ्लॅश आधी चमकतो, रेघ पुढे जाते आणि माणूस उलटा नाचल्यासारखा दिसतो. वरातीलाही हेच चालेल.

---

कॉटनमार्केट | १२ नोव्हेंबर, सकाळी ८:४५

मागच्या पडद्याचं वरातीत आजच करून पाहणार. एक माझ्याकडूनही. लग्नात फ्लॅश ऑप्टिकल स्लेव्हवर ठेवू नका. तो दुसऱ्या कोणाचाही फ्लॅश पाहून चमकतो. एका लग्नात नवरीच्या भावाच्या कॅमेऱ्याने माझा फ्लॅश दिवसभर उडवला, सप्तपदीच्या वेळी सेल संपले. तो क्षण परत मिळाला नाही. रेडिओवर ठेवा, चॅनल बदलून ठेवा.

---

पांदणवाट | १२ नोव्हेंबर, रात्री ९:१५

सेलचंच विचारायचं होतं. मी साधे अल्कलाइन टाकतो, शे-दीडशे फोटोंनंतर फ्लॅश भरायलाच आठ-दहा सेकंद लावतो. आणि दुसरं, चैत्र-वैशाखातली लग्नं. बारा-साडेबाराचा मुहूर्त, डोक्यावर ऊन, डोळ्यांच्या जागी काळे खड्डे. तिथे एक फ्लॅश पुरतो का?

---

जुना_स्टुडिओ | १२ नोव्हेंबर, रात्री १०:३०

सेल: चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड घे, चारचे तीन संच. त्यांचा दाब १.२ व्होल्टच असते, पण ते करंट झपाट्यानं देतात, म्हणून फ्लॅश लवकर भरते. संचांवर अ, ब, क लिही, एकातला सेल दुसऱ्यात जाऊ देऊ नको. वीज कधी जाईल भरवसा नाही, म्हणून आदल्या रात्रीपर्यंत थांबू नको. मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नको. आणि पूर्ण ताकदीवर सलग वीस-पंचवीस मारलेस की फ्लॅशला श्वास घेऊ दे, नळी तापते.

ऊन: हिशेब मांडून पाहू. भर उन्हात आयएसओ १०० ला शटर १/१०० आणि एफ/१६, हा जुना ठोकताळा. म्हणजे १/२०० ला एफ/११. तुझ्या फ्लॅशचा गाईड नंबर ३६ धर. छत्तीस भागिले अकरा, सव्वातीन मीटर. उघडा फ्लॅश पूर्ण ताकदीवर तीन मीटरवरून सूर्याची बरोबरी करते! बरोबरी करायची गरजही नाही. नवरा-नवरीची पाठ उन्हाकडे कर, सूर्य केसांवर आणि शेल्याच्या काठावर रेघ काढून देईल. समोरून फ्लॅश एक स्टॉप कमी, म्हणजे १/२ ताकद. खड्डे भरले. तिथे धोतर-बितर नको, ते दोन स्टॉप खाते आणि उन्हात तेवढी ताकद शिल्लक नसते. कडुलिंबाची सावली मिळाली तर पोरांना तिथंच उभं कर, देवानं दिलेली छत्री ती.

माझ्याकडे यशिका-मॅट १२४ जी होता. त्याला लीफ शटर, लेन्समध्येच. तो १/५०० ला सुद्धा फ्लॅशशी जुळते, पट्ट्याचा प्रश्नच नाही. उन्हातली लग्नं त्याच्यावर मी फार सुखानं काढली. तो कॅमेरा अजून कपाटात आहे, पोळ्याला पुसून ठेवतो.

---

संत्रामळा | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

पोळ्याचा विषय निघालाच आहे तर एक विनंती. तोरणाखाली बैल उभे असताना समोरून फ्लॅश मारू नका. यंदा आमच्या गावात एकाने अगदी तोंडाजवळ मारला, बैल बुजला, कासरा धरलेल्या पोराला ओढत नेलं. थोडक्यात निभावलं. बैलाच्या डोळ्यात मागे चमकणारा पडदा असतो, समोरून मारलेल्या फोटोत डोळे नुसते हिरवे गोळे दिसतात, म्हणजे फोटोही वायाच. बाजूने, लांबून, धन्याला विचारून, आणि शक्यतो झुलीवर आणि रंगवलेल्या शिंगांवर. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल असतात, तिथे हवा तेवढा सराव करा. लहान मुलं सजून हौसेनं उभी राहतात.

---

झाडीपट्टीकर | १३ नोव्हेंबर, सकाळी ११:००

ताईंना पूर्ण अनुमोदन. हेच जंगलातल्या जनावरांना लागू. आम्ही ताडोबाच्या शेजारी राहतो, रात्री रस्त्यात काही दिसलं तर गाडीतून फ्लॅश मारणारे पाहिले की जीव तुटतो.

---

पांदणवाट | २३ नोव्हेंबर, रात्री १०:०५

मंडळी, दहा दिवस सराव केला. काल त्या साक्षगंधाच्या घरी पुन्हा गेलो. कामासाठी नाही, आजीसाठी. म्हटलं, आजी, एक फोटो माझ्याकडून राहिला आहे.

दुपारचे चार वाजले होते. माजघरात ती जात्याजवळ बसली. एक भिंत चुन्याची होती पण नीळ फार, म्हणून धोतर बांधलं. पडदा तिच्या डाव्या हाताला, दीड मीटरवर, तिच्या डोक्यापेक्षा हातभर वर. आधी फ्लॅश बंद करून फोटो काढला. १/२०० ला मागची उतरंड दिसेना. १/६० केलं, मडकी अंधारातून हळूच वर आली, तिथं थांबलो. मग फ्लॅश, आयएसओ २००, १/८, एफ/४. पहिल्यात गाल जरा जास्त उजळला, एक पायरी खाली, १/१६. थर्माकोल धरायला तिचा नातू होता. तो जवळ आणला तर सावली फार भरली, पुन्हा सपाट वाटायला लागलं, म्हणून त्याला मागे सरकवत सरकवत शेवटी ठेवूनच द्यायला सांगितलं.

तिला सांगितलं, पडद्याकडे नको पाहू, दारातून गाय येते का ते पाय. तिनं मान वळवली.

रेघा सगळ्या आल्या. कपाळावरचं गोंदण आलं, जे साक्षगंधाच्या फोटोत दिसतच नव्हतं. मला ते गोंदण आहे हेच माहीत नव्हतं. डोळ्यांत धोतराचा चौकोन. तिनं कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हे मी होय." मग सुनेला हाक मारली.

मोठा प्रिंट काढायला टाकला आहे. तिची परवानगी घेऊन इथे लावीन.

एक विचारतो. आता नुसत्या डोळ्यांचा, हातांचा जवळून फोटो काढायचा आहे, जात्याच्या खुंट्यावरचे तिचे हात. फ्लॅश एक मीटरच्या आत आणावा लागेल. सुतळीला तिथं गाठ नाही.

---

जुना_स्टुडिओ | २३ नोव्हेंबर, रात्री १०:४०

०.७ वर बांध. सत्तर सेंटीमीटर. एक मीटरवर १/१६ असेल तर तिथं १/३२, बाकी काही हलवू नको. धोतर लावलंस तर बाईंनी सांगितलं तसं आधी एक चाचणी घे.

हातांना उजेड अगदी कडेनं दे, जवळपास नव्वद अंशावरून. जात्याचा दगड खडबडीत असते, हातही. दोन्ही एकदम दिसले पाहिजेत.

---

वैनगंगाकाठ | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

आणि आजी दळत असतील तर शटर १/१५, मागच्या पडद्याचा सिंक. पाळ्याची आणि हातांची फिरती रेघ दिसेल, आणि टोकाला हात स्वच्छ गोठतील. प्रिंट लावाल तेव्हा मला वर्गात दाखवायचा आहे, चालेल का ते आजींना विचारा.